वेबिनारला नव्वद जण आले, जागा बघायला एकही नाही: कोवर्किंगसाठी वेबिनार कसा वापरावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत ४५ सीटची कोवर्किंग जागा (वेगवेगळे लोक भाड्याने खुर्ची घेऊन काम करतात असं सामायिक ऑफिस), सुरू होऊन दहा महिने झालेत, निम्म्या सीट अजून रिकाम्या. मालकांनी तीन वेबिनार घेतले. विषय होते 'कोवर्किंगचे फायदे', 'स्टार्टअप कसा सुरू करावा' आणि 'डिजिटल मार्केटिंगची ओळख'. तिसऱ्याला ९० जण हजर होते, शेवटी भरभरून कौतुक झालं, आणि जागा बघायला एकही माणूस आला नाही. आता झूमचा वेबिनारचा वेगळा प्लॅन घ्यावा का, प्रवेशाला पैसे ठेवावेत का, की हा नादच सोडावा, असं त्यांनी विचारलं आहे.

नाद सोडू नका. विषय मात्र तिन्ही सोडा.

मी पुण्यात कोथरूडला २०१७पासून ५२ सीटची जागा चालवते. तुम्ही आज जिथे आहात तिथे मी २०२१मध्ये होते. लॉकडाउननंतर सीट ओस पडल्या होत्या आणि सगळे घरूनच काम करत होते, म्हणून मीही वेबिनार सुरू केले. 'फ्रीलान्सिंगमधून कमाई' या विषयाला १८० नोंदण्या आल्या, ६४ जण हजर राहिले. मला फार आनंद झाला. महिनाभर वाट बघितली, कोणी आलं नाही. मग एका संध्याकाळी नोंदणीची यादी छापून घेतली आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलने गाव लिहीत गेले. नागपूर, इंदूर, सोलापूर, दुबई, ठाणे. आमच्या जागेपासून अर्ध्या तासाच्या आत राहणारे निघाले फक्त चार. आणि त्या चौघांना मी साधा फोनही केला नव्हता, कारण सगळ्यांना एकच आभाराचा मेल पाठवून मी मोकळी झाले होते.

तुमच्या ९० जणांची यादी आजच अशी तपासा. आपण विकतो ती खुर्ची, आणि ती कुरिअरने पाठवता येत नाही. रोज ये-जा करायला अर्ध्या तासापेक्षा लांबचा माणूस तयार होत नाही, मग तुमचा वेबिनार त्याला कितीही आवडलेला असो. त्यामुळे वेबिनारला किती जण आले हा आकडा आपल्या कामाचा नाही. जवळचे किती आले आणि त्यातले किती जण पुढच्या आठ दिवसांत दारात उभे राहिले, एवढंच मोजायचं. माझ्या आताच्या वेबिनारला २० ते २५ लोक असतात, त्यातले निम्म्याहून जास्त कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बावधन भागातले. पूर्वीच्या ६४ लोकांपेक्षा मला हे वीस जण जास्त हवेत.

यासाठी नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव आणि नंबरासोबत दोनच प्रश्न वाढवा. एक, पिनकोड. तोही पूर्ण सहा अंकी, कारण ४१६ने सुरू होणाऱ्यांत सांगलीही येते आणि सावंतवाडी-कुडाळही. दुसरा, 'सध्या कुठे बसून काम करता?' या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं मी अजूनही एकेक करून वाचते. 'बेडरूममध्ये, मुलगी शाळेतून येईपर्यंत.' 'भावाच्या दुकानाच्या माळ्यावर.' 'कॅफेत, पण कॉल आला की बाहेर रस्त्यावर.' ही वाक्यं वाचली की पुढच्या वेबिनारचा विषय वेगळा शोधावा लागत नाही.

आता विषयाचं बघू, कारण खरी मेख तिथेच आहे. 'कोवर्किंगचे फायदे' ऐकायला कोणी येत नाही, आणि 'स्टार्टअप कसा सुरू करावा' ऐकायला येतात ते बहुतेक विद्यार्थी. त्यांच्या शिकण्याच्या हौसेचा मला आदर आहे, पण ते या वर्षी सीट घेणार नाहीत. तुमच्याकडे आज जे वीस-बावीस सदस्य बसतात, त्यांना एकेकाला चहाला बोलवा आणि विचारा, 'इथे यायच्या आधीच्या महिन्यात डोक्याला कसला ताप होता?' तेच तुमचे विषय.

माझ्याकडे सगळ्यात जास्त सीट आणून देणारा विषय अगदी रुक्ष आहे: एकट्याने काम करणाऱ्याचा जीएसटी आणि ऑफिसचा पत्ता. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की नोंदणी करावी लागते. भाड्याच्या घराचा पत्ता द्यायला घरमालक राजी नसतो, आणि इथे माणूस पहिल्यांदा बाहेरच्या पत्त्याचा विचार करतो. मग त्याला प्रश्न पडतात. कोवर्किंगचा पत्ता चालतो का? कागद कोणते लागतात? अधिकारी तपासणीला आले तर? याची सरळ उत्तरं द्या. जागेचा करार, मालकाचं ना-हरकत पत्र, वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती. नोंदणीचं प्रमाणपत्र त्या जागी दिसेल असं लावायचं, प्रवेशद्वारावरच्या नावाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहायचा. वेबिनार चालू असताना मी लॅपटॉप उचलून आमच्या दाराशी नेते आणि सदस्यांच्या पाट्यांची रांग दाखवते. त्या अर्ध्या मिनिटाचं काम दहा स्लाइडना जमत नाही.

याच्याच जोडीचा दुसरा विषय परदेशी ग्राहकाच्या बिलाचा. परदेशातल्या ग्राहकाला सेवा देताना एलयूटी, म्हणजे जीएसटी विभागाला द्यायचं हमीपत्र, भरलेलं असेल तर बिलावर कर न लावता काम करता येतं, आणि ते एका आर्थिक वर्षापुरतंच असतं. म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये हा विषय पुन्हा ताजा होतो, आणि हमखास गर्दी होते ती कमावत्या लोकांची. ज्याला परदेशातून पैसे येतात त्याला महिन्याचं सीटभाडं जड नसतं.

पण तुमच्या गावात एक गोष्ट अशी घडली आहे की मी तुमच्या जागी असते तर झोपले नसते. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं न्यायपीठ, १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे येतात. म्हणजे सोलापूरचा किंवा रत्नागिरीचा वकील आता तारखेला कोल्हापुरात येतो. त्याला तिथे चेंबर नाही. पक्षकाराशी बोलायला बंद दाराची खोली हवी, प्रिंटर हवा, रात्री उशिरापर्यंत बसायची सोय हवी, आणि फायली ठेवायला कुलूप असलेलं कपाट हवं. अर्ध्या तासाच्या नियमाला हा एक अपवाद धरा: त्याला रोज यायचं नाही, तारखेला यायचं आहे. त्याला महिन्याची सीट विकू नका; दहा दिवसांचा पास आणि मीटिंग रूमचे तास विका. वेबिनारचा विषय ठेवा ई-फायलिंग (न्यायालयात कागदपत्रं ऑनलाइन दाखल करणं), किंवा बाहेरगावच्या वकिलासाठी कोल्हापुरातलं कामकाज. वेळ रात्री साडेआठची, कारण दिवसा ते कोर्टात असतात. आणि यासाठी इन्स्टाग्रामवर जाहिरात करू नका. त्या सहा जिल्ह्यांतल्या वकील संघटनांना स्वतः फोन करा.

इथे एक काळजी घ्या. वकील आणि सीए या दोघांवरही व्यवसायाची जाहिरात करण्याबाबत बंधनं आहेत. तुम्ही त्यांना वक्ता म्हणून बोलावलंत आणि पोस्टरवर 'शहरातले आघाडीचे सीए, सल्ल्यासाठी संपर्क साधा' असं छापलंत, तर अडचणीत ते येतील. पोस्टरचा मजकूर आधी त्यांना दाखवून मंजूर करून घ्या, त्यात विषय आणि नाव एवढंच साधेपणाने येऊ द्या.

बाकी विषयांसाठी बाहेरचा मोठा वक्ता शोधू नका. तुमच्याच सदस्याला बोलू द्या. एखादी अनुवादक, चपलांची ऑनलाइन विक्री करणारा एखादा मुलगा, पुण्याच्या कंपनीत नोकरी करून कोल्हापुरात राहणारी एखादी सॉफ्टवेअर टेस्टर. ते अडखळतात, स्लाइड साध्या असतात, पण ऐकणाऱ्याला वाटतं, हा माझ्यासारखाच आहे आणि हा तिथे बसतो. शिवाय त्यांच्या ओळखीचे लोक येतात, आणि ते त्याच गावातले असतात. मानधन मात्र द्या. मी दोन दिवसांचं मीटिंग रूम भाडं माफ करते आणि वर तीन हजार रुपये देते. सदस्य आपल्या प्रेमाखातर फुकट बोलायला तयार होतात, पण सतत फुकट बोलवलं की त्यांच्या मनात कुठेतरी खुपतं.

वेबिनार तुमच्या जागेतूनच झाला पाहिजे, आणि मागची भिंत खरी दिसली पाहिजे. बनावट पार्श्वभूमी लावू नका. याचा धडा मला ठरवून नाही, अपघाताने मिळाला. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुतेक गुरुवारी. २०२२मध्ये मी न कळून वेबिनार गुरुवारी सकाळी अकराला ठेवला. वीस मिनिटं झाली आणि वीज गेली. एसी थांबला, इन्व्हर्टरने एकदा टिक्‌ केलं, राउटरचे हिरवे दिवे तसेच चालू राहिले. आमची सदस्य परदेशी बिलाबद्दल बोलत होती, ती वाक्य न तोडता बोलतच राहिली. चॅटमध्ये एकाने लिहिलं, 'इकडे लाइट गेलीय, मी मोबाइलच्या नेटवर आहे. तुमचं कसं चालू आहे?' मी लॅपटॉप फिरवला, बॅटऱ्या दाखवल्या, दुसऱ्या कंपनीची इंटरनेटची राखीव लाइन दाखवली, आणि म्हटलं, 'काम अडलं असेल तर आत्ता या, चार्जर घेऊन या.' बारा वाजेपर्यंत तीन जण आले. एकाच्या पायात घरातलीच स्लिपर होती. तो पुढे दोन वर्षं आमच्याकडे बसला.

तेव्हापासून आमचा वेबिनार बुधवारी संध्याकाळी असतो, आणि शेवटचं आमंत्रण ठरलेलं असतं: उद्या गुरुवार आहे, सहा खुर्च्या राखून ठेवल्या आहेत, दिवसभर बसा, चहा आमच्याकडून. तुमच्याकडे वीज जाण्याचा वार कोणता ते तुम्हाला पक्कं ठाऊक असणार. त्याच्या आदल्या दिवशी वेबिनार ठेवा.

मी जागा दाखवण्याचा क्रमही एका बाईंमुळे बदलला. वेबिनार बघून त्या भेटीला आल्या. रंगवलेली भिंत, पुस्तकांचं कपाट, कॉफीचं मशीन असं मी उत्साहाने दाखवत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, 'वॉशरूम कुठे आहे?' मी बाहेरच उभी होते. आतून कडी दोनदा लावून-काढून बघितल्याचा आवाज आला. बाहेर आल्या, पार्किंगमध्ये संध्याकाळी दिवा असतो का ते विचारलं, आणि मग लॅपटॉप उघडला. आता वेबिनारच्या सुरुवातीला दीड मिनिट मी कॅमेरा घेऊन फिरते तेव्हा क्रम असा असतो: रस्त्यावरून जिना, पार्किंग, वॉशरूमचं दार आणि कडी, मग कॉल घ्यायची खोली दार बंद करून आणि उघडून, म्हणजे आवाज किती येतो ते कळतं. कॉफीचं मशीन सगळ्यात शेवटी. घरून काम करणाऱ्या बायकांच्या चौकशा या एका बदलाने वाढल्या, आणि हे मला आधी सुचायला हवं होतं.

भाव सांगायला संकोच करू नका. 'सविस्तर माहितीसाठी संपर्क साधा' हे वाक्य ऐकलं की माणूस समजतो, महाग असणार. दिवसाचे किती, महिन्याचे किती, डिपॉझिट किती, वर १८ टक्के जीएसटी, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, हे एका स्लाइडवर ठेवा आणि वाचून दाखवा. ती स्लाइड वेबिनारच्या मध्यावर दाखवा, शेवटी नको. शेवटी दाखवली की आधीचं सगळं शिकवणं त्या स्लाइडसाठीच होतं असं वाटतं. मी साधारण असं वाटून घेते: दीड मिनिट जागा, वीस मिनिटं विषय, दोन मिनिटं भाव, आणि उरलेला सगळा वेळ प्रश्नांना. प्रश्नोत्तरं हाच वेबिनारचा गाभा. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे कागदावर लिहून घ्या, पुढचा फोन पहिल्यांदा त्याला जाईल.

निमंत्रण कसं पोहोचवायचं? व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी सगळे वापरतात, पण एक गोष्ट विसरतात: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो संदेश जातच नाही. शिवाय एका यादीत २५६ जणच बसतात. त्यामुळे नोंदणी झाल्यावर पहिल्याच संदेशात 'हा नंबर सेव्ह करा, लिंक यावरच येईल' असं लिहा. सदस्यांना म्हणा, प्रत्येकाने दोनच माणसांना स्वतःच्या शब्दांत लिहायचं, फॉरवर्ड करायचं नाही. पैसे खर्चून जाहिरात करायची असेल तर जागेभोवतीच्या चार-पाच किलोमीटरपुरतीच करा.

आणि कृपा करून नोंदणी केलेल्यांना उचलून व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकू नका. तिथे प्रत्येकाचा नंबर अनोळखी पन्नास जणांना दिसतो. एका मुलीने मला फोन करून सांगितलं होतं की अशाच एका कार्यक्रमाच्या ग्रुपमधून तिला रात्री संदेश यायला लागले. आपण लोकांना सुरक्षित जागा देऊ म्हणतो आणि सुरुवातच अशी करायची, हे मला सहन होत नाही. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: माहिती कशासाठी घेतो ते सांगा, संमती घ्या, आणि तेवढ्यासाठीच वापरा. फॉर्ममध्ये 'पुढच्या कार्यक्रमांची माहिती पाठवली तर चालेल' अशी वेगळी खूण ठेवा, आणि ती आधीपासून केलेली नको.

वेबिनार संपला की त्याच संध्याकाळी फोन. दुसऱ्या दिवशी केलेल्या फोनमध्ये तो जीव राहत नाही. फोनवर विकायचं काहीच नसतं. 'तुम्ही एलयूटीचं विचारलं होतं, आमच्या सदस्याने वेळेअभावी अर्धंच सांगितलं, तो उद्या अकराला इथे असणार आहे, याल का?' इतकंच. जो आला नाही, पण नोंदणी केली होती आणि पिनकोड जवळचा आहे, त्यालाही फोन करा. आमच्याकडे सीट घेतलेल्यांपैकी बरेच जण वेबिनारला प्रत्यक्ष हजरच नव्हते. पूर्ण रेकॉर्डिंग पाठवण्याऐवजी एकेका प्रश्नाचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे कापून यूट्यूबवर टाका. तासाभराचं रेकॉर्डिंग कोणी उघडत नाही.

खर्चाचा हिशेब साधा आहे. समजा तुमची सीट महिना ५,००० रुपयांची आणि सदस्य सरासरी आठ महिने राहतो, तर एका सीटमागे ४०,००० रुपये. वक्ता, जाहिरात, चहा मिळून वेबिनारला सहा-सात हजार धरा. दोन वेबिनारमागे एक सीट भरली तरी तुम्ही फायद्यात. पण सहा महिने दर महिन्याला एक, असं सलग करा. पहिल्या दोनला आठ-दहा लोकच येतील.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका. दहा-पंधरा सीट एकदम घेणारी कंपनी वेबिनारमधून येत नाही. स्मार्टवर्क्स आणि वीवर्क इंडिया या २०२५मध्ये शेअर बाजारात आलेल्या मोठ्या कोवर्किंग कंपन्यांचा भर अशाच, किंबहुना याहून मोठ्या ग्राहकांवर आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराला शहरात छोटं विक्री-ऑफिस हवं असेल तर त्याच्या केबिनमध्ये जाऊन बसा. वेबिनार आहे तो एकट्या-दुकट्या माणसासाठी, ज्याला आत पाऊल टाकायला थोडा धीर हवा असतो.

आता झूमचं. वेबिनारचा वेगळा प्लॅन घेऊ नका. त्यात ऐकणारे एकमेकांना दिसत नाहीत, आणि आपल्याकडे तर लोक एकमेकांना दिसणं हाच माल आहे. साधी मीटिंग ठेवा, कॅमेरे उघडे ठेवायला सांगा. 'अरे, तुम्ही पण शाहूपुरीत राहता?' असं दोघं बोलले की अर्धं काम झालं. झूमचं मोफत खातं ४० मिनिटांनी तुटतं, म्हणजे नेमकं प्रश्न रंगात आल्यावर. गूगल मीटवर मोफत खात्यात १०० माणसं आणि ६० मिनिटं मिळतात, तेवढं पुरतं.

प्रवेशशुल्काचं म्हणाल तर पहिले तीन वेबिनार मोफत ठेवा. चौथ्यापासून ९९ रुपये घ्या, यूपीआयने, आणि तेच ९९ रुपये पुढच्या सात दिवसांत घेतलेल्या डे पासमधून वजा करा. पावतीवरच लिहा: 'राजारामपुरी, अमुक गल्ली, सकाळी नऊ ते रात्री नऊ, ही पावती दाखवा.'